पिंपळ रात्री काय करतो?

रात्री झाडाखाली झोपू नये, झाड विषारी वायू सोडते, असे बजावणारी घरे अजून आहेत. त्याच घरांत आता पिंपळ आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात, असेही सांगितले जाते. रोपवाटिकांत तर स्नेक प्लांट ‘रात्रीही ऑक्सिजन देणारे’ म्हणून विकले जाते. एक समज भीतीचा, दुसरा श्रद्धेचा. मला दोन्ही अमान्य आहेत.

भीतीचा समज निराधार नव्हता, हे आधी मान्य करतो. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की हिरवी पाने उजेडातच ऑक्सिजन सोडतात आणि अंधारात हवा बिघडवतात. त्याने ग्रंथाच्या शीर्षकातही ते लिहिले. निरीक्षण अचूक होते. प्रश्न प्रमाणाचा आहे. एक चौरस मीटर पाने रात्रीच्या आठ तासांत साधारण अर्धा ते एक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. तेवढ्याच वेळात झोपलेला माणूस सत्तर-ऐंशी लिटर सोडतो. कुंडी बाहेर काढून खिडकी बंद ठेवणारा हवेचे काहीच भले करत नाही. उघड्यावरच्या झाडाखाली तर वारा असतोच.

दुसरा समज अधिक चिवट, कारण तो विज्ञानाचा आधार सांगतो. काही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडतात, हे खरेच आहे. निवडुंग, घायपात, कोरफड, पानफुटी आणि ते स्नेक प्लांटही त्यांतलेच. कोरड्या हवेत दिवसा रंध्रे उघडली तर पाणी उडून जाते, म्हणून त्या रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यातून साखर बनवतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात राहिलेल्या बेंजामिन हाइनेने पानफुटीचे पान चाखून पाहिले होते: सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याचे ते पत्र १८१५ साली छापले गेले. आज वर्गात हे करायचे तर पान चाखू नये, त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पहाटेचे आणि दुपारचे पान ठेचून आम्लता दाखवणारा कागद लावावा.

पण या वनस्पती रात्री वायू घेतात. ऑक्सिजन देत नाहीत. ऑक्सिजन येतो पाण्याचे विघटन होऊन, आणि ते घडायला प्रकाश लागतो. पिंपळ याच गटातला आहे असे क्षणभर धरले, तरी अंधारात त्याच्याकडून ऑक्सिजन मिळणार नाही. शिवाय गरज तरी कुठे आहे? दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा असते, त्यात जवळजवळ ५,९०० लिटर ऑक्सिजन. रात्रभरात एक माणूस त्यातला शंभरेक लिटर वापरतो.

दोन्ही समजांचे मूळ शाळेतल्या एका वाक्यात आहे: प्राणी ऑक्सिजन घेतात, वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात. मुलाच्या मनात ठसते की झाडाचा श्वास आपल्या उलटा. तसा तो नाही. अन्न तयार करणे हे झाडाचे वेगळे काम. ते अन्न वापरून ऊर्जा मिळवणे, म्हणजे श्वसन, झाडालाही आपल्यासारखेच अहोरात्र करावे लागते. मोड येत असलेल्या मटकीच्या पुरचुंडीत हात घाला, ऊब जाणवते. ती त्या श्वसनाची. शेतात पाणी साचले की सोयाबीन पिवळे पडते, कारण मुळांना हवा मिळत नाही. वाफशाची वाट पाहणारा शेतकरी जाणतो की मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. हा धडा प्रकाशसंश्लेषणाच्या आधी शिकवला जावा, असे माझे ठाम मत आहे.

यावर कळकळीने विचारले जाते: समज खोटा असला तरी त्याने पिंपळ वाचतो ना? वाचत असेल, पण मग समज फोल ठरताच कुऱ्हाडीला अडवायला काय उरते? पिंपळाला खोट्या ऑक्सिजनची गरज नाही. त्याच्या फळांत परागीभवन करणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या वाढतात. ती फळे हरियाल, धनेश, बुलबुल आणि वटवाघळे खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीतही रुजते. झाड वाचवायचेच असेल तर नगरपालिकेत ही यादी घेऊन जावे.