दोन दप्तरे

दप्तर हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो. मूल सकाळी पाठीवर टाकून शाळेत नेते ते एक, आणि शाळेच्या कचेरीत त्याच्याविषयी लिहून ठेवलेले असते ते दुसरे. पहिल्याची चिंता घरोघर होते. त्याचे ओझे किती, डबा नीट बसला की नाही, छत्री राहिली काय, याविषयी आजीपासून धाकट्या काकापर्यंत सर्वजण बोलतात. दुसऱ्या दप्तरात काय आहे, ते कोणाच्या ताब्यात असते आणि कोठे कोठे जाते, हे विचारताना आम्ही फारसे कोणास ऐकलेले नाही. आम्ही स्वतःही कधी विचारले नव्हते. आणि टिटवाळ्यास जाण्याचा योग आला नसता तर पुढेही विचारले नसते.

टिटवाळा हे कल्याणच्या पुढचे, कसाऱ्याच्या वाटेवरील स्टेशन. मंगळवारी, त्यातून अंगारकी असली तर, महागणपतीच्या देवळात पाय ठेवण्यास जागा नसते. म्हणून आम्ही मुद्दाम साधा वार धरून गेलो होतो. दर्शन आटोपून एका जुन्या स्नेह्यांकडे मुक्काम केला. हे गृहस्थ आयुष्यभर माध्यमिक शाळेत शिक्षक, आणि अखेरची काही वर्षे मुख्याध्यापक होते. दोन मुलगे, सुना, नातवंडे असा भरला संसार. रात्रीची पाने वाढून झाली तोच धाकट्या सूनबाईंच्या मोबाइलवर नातवाच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप-गटात एक तक्ता येऊन पडला.

"काय आहे गं?" स्नेह्यांनी विचारले.

"शाळेने यादी पाठवली आहे, बाबा. ज्यांची माहिती अपुरी आहे त्यांनी ती उद्यापर्यंत द्यायची आहे," असे म्हणून तिने मोबाइल सासऱ्यांच्या हाती दिला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिले, आणि पाहता पाहता त्यांचा घास हातातच राहिला. अपुरी माहिती कोणाची, एवढेच सांगावयाचे होते. परंतु आला होता तो सगळ्या वर्गाचा तक्ता. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, आधार क्रमांक, घरचा पत्ता, पालकांचे वार्षिक उत्पन्न. आणि सर्वांच्या शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात कोणापुढे 'आरटीई', कोणापुढे 'फी बाकी', आणि एका मुलीच्या नावापुढे 'वडील सोबत राहत नाहीत'.

"हे सगळ्यांना दिसतं?"

"गटातल्या सगळ्यांना, बाबा."

त्या मुलीची आई दुसऱ्या दिवशी सकाळीच सूनबाईंकडे आली. तिची ओळख पटू नये म्हणून आम्ही तपशील मोघम ठेवीत आहोत. घरचा जाच असह्य होऊन ती मुलीसह टिटवाळ्यास भाड्याच्या खोलीत राहावयास आली होती, आणि आपला ठावठिकाणा तिने जाणूनबुजून कोणास कळू दिला नव्हता. ती रडली नाही, शाळेवर रागावलीही नाही. एवढेच म्हणाली, "पत्ता मी सख्ख्या मावशीला सांगितला नव्हता. शाळेला सांगितला, कारण शाळेला सांगावाच लागतो." शाळेने तो तक्ता सकाळीच गटातून काढून टाकला होता, पण ज्यांनी रात्रीच उतरवून घेतला त्यांच्याकडे तो राहिला तो राहिलाच.

आमचे स्नेही दिवसभर अस्वस्थ होते. दुपारी त्यांनी आपल्या काळच्या जनरल रजिस्टराची हकीकत सांगितली. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याचे ते बुक. त्यात अनुक्रमांक, नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. हे बुक शाळेने कायमचे जपावयाचे असते, आणि शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावात, जातीत किंवा जन्मतारखेत दुरुस्ती करावयाची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "किल्ली माझ्या खिशात असायची," ते म्हणाले, "आणि सुटीच्या दिवशी सुद्धा ती घरी आहे की नाही ते मी दोनदा चाचपून पाहायचो."

त्या बुकातील एकेक ओळ किती दूर जाते हे महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको. आपल्याकडे मागच्या पिढीतील असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. त्या दिवशी महाराष्ट्रात बालकांचे पीक येत असे असे नव्हे. जन्माची नोंद नसलेले मूल शाळेत आणले म्हणजे गुरुजी त्याच्या वयाचा अंदाज बांधून १ जून ही तारीख घालून देत, आणि पुढे नोकरीची निवृत्ती त्याच तारखेवरून ठरे. सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकास भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. ती शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आणि २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा महसुली कागदांबरोबर गावोगावच्या शाळांतील प्रवेश-निर्गम बुकेही कपाटांतून बाहेर निघाली. कोणा कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेला एक शब्द पणतवंडांच्या प्रवेशाचा आणि नोकरीचा प्रश्न ठरला. ज्या शाळेने बुक वाळवीस दिले, तिने किती घरांचा पुरावा खाऊ दिला, हे तेव्हा कळले.

तेव्हा माहिती जपणे म्हणजे केवळ ती लपविणे नव्हे. ती नष्ट होऊ न देणे, ती बिघडू न देणे आणि भलत्या हाती जाऊ न देणे, ही तिन्ही कामे त्या एका किल्लीने होत असत. मात्र जुन्या काळाचे फाजील कौतुकही आम्हांस करावयाचे नाही. बुकाची नक्कल उतरावयास दिवस लागे म्हणून ते सुरक्षित राहिले. त्यात सद्गुणाइतकाच गैरसोयीचाही भाग होता. शिवाय त्याच बुकातील जातीचा रकाना भर वर्गात मोठ्याने वाचून दाखविणारे मास्तरही होऊन गेले. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा हात तो रकाना भरताना अडखळत नाही. ज्यांचा अडखळतो, त्यांच्या मुलास त्या तक्त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात कसे बसावे लागले असेल, याचा विचार आपण आपल्या सोयीवरून करून भागणार नाही.

शाळा तरी इतके सारे का मागते? याचे कारण शिक्षकांच्या खोडसाळपणात नाही. महाराष्ट्रात 'सरल' ही प्रणाली आली, पुढे केंद्राच्या यूडायसमध्ये विद्यार्थीवार माहिती जाऊ लागली, त्यानंतर 'अपार' हा बारा अंकी क्रमांक आला. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेस शिक्षकांची किती पदे मिळावीत हे ठरविण्यासाठी, आधारशी जुळलेलेच विद्यार्थी मोजावयाचे असे २०२२-२३ मध्ये ठरले. तेव्हा एखाद्या मुलाच्या नावातील एक वेलांटी चुकली तर एखाद्या गुरुजींचे पद धोक्यात येऊ लागले. त्या रात्री यादी पाठविणाऱ्या बाईंवर दुसऱ्या दिवसाची मुदत होती. थकलेल्या हाताने चुकीचा तक्ता निवडला गेला. आम्हांस त्या बाईंविषयी राग नाही. परंतु ज्या व्यवस्थेत एका थकलेल्या बोटाने चाळीस घरे उघडी पडतात, ती व्यवस्था निर्दोष आहे असेही म्हणवत नाही.

टिटवाळ्याची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. हे स्थान कण्वाश्रमाचे, आणि येथील गणपती शकुंतलेने स्थापिला, अशी परंपरा आहे. राजाने दिलेली मुद्रिका पाण्यात पडली, आणि खुणेवाचून तिची ओळखच नाहीशी झाली. मासा सापडेपर्यंत तिने सांगितलेले कोणी खरे मानले नाही. आपल्या काळची मुद्रिका म्हणजे तो बारा अंकी आधार क्रमांक. तो नाही म्हणून बालकास शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला होता. 'अपार'साठी तर पालकांची संमती घ्यावी लागते, आणि ती देणे न देणे पालकांच्या इच्छेवर आहे. तरी तो संमतीचा कागद फीच्या पावतीसारखा वाचल्यावाचून सही करून परत पाठविणारी सुशिक्षित घरे आम्हांस ठाऊक आहेत.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने लागू होण्यास त्यांनी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. या कायद्याची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. माहिती बाळगणाऱ्या संस्थेस तो मालक म्हणत नाही. विश्वस्त या अर्थाचा शब्द तिला लावतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीस पालकांची पडताळलेली संमती हवी. माहिती बाहेर फुटली तर ज्याची ती आहे त्यास विनाविलंब कळविले पाहिजे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शाळेस शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती काही मोकळीक आहे, आणि ती असावीही. हजेरी घेतल्याशिवाय शाळा चालणार कशी?

परंतु हल्ली दप्तर शाळेपाशी तरी कोठे असते! ते ॲप चालविणाऱ्या कंपनीपाशी असते. अमेरिकेतील पॉवरस्कूल या कंपनीकडे हजारो शाळांची दप्तरे होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती चोरीस गेली. चोरलेली माहिती नष्ट करावी म्हणून कंपनीने खंडणी भरली, आणि तरीही काही महिन्यांनी तेथील शाळांस पुन्हा धमक्या आल्या. खंडणी दिली म्हणून चोर शब्द पाळील, हा विश्वास आपल्याकडील आजीबाईंनीही धरला नसता.

आमचे स्नेही सूनबाईंना घेऊन शाळेत गेले. तक्रार नेली नाही, तीन प्रश्न नेले: तक्त्यातील कोणता रकाना कोणत्या कामास लागतो, तो कोण कोण पाहू शकतो, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ॲपमधील त्याच्या माहितीचे काय होते. पहिल्याचे उत्तर निम्मे मिळाले, दुसऱ्याचे मुख्याध्यापिकांनी लिहून घेतले, तिसऱ्याचे कोणासच देता आले नाही. तरी त्या बाई समजूतदार निघाल्या. अपुऱ्या माहितीविषयी ज्या त्या पालकास वेगळा निरोप जाईल, आणि वर्गाच्या गटात कोणताही तक्ता टाकावयाचा नाही, एवढे त्यांनी त्याच दिवशी ठरविले. त्या मुलीचे नाव पुढे त्याच शाळेत राहिले की नाही, हे आम्ही विचारले नाही.

परतीच्या गाडीत एक गोष्ट ध्यानात आली. हा प्रकार केवढा आहे ते आम्हांस नीट कळावे म्हणून स्नेह्यांनी त्याच रात्री तो तक्ता आमच्याकडे पाठविला होता, आणि तो आमच्या मोबाइलात तसाच होता. कल्याण येण्यापूर्वी आम्ही तो पुसून टाकला, आणि त्यांनाही पुसण्यास कळविले. पुसण्यापूर्वी, वाचकांपासून लपवून काय उपयोग, आम्ही तो वरपासून खालपर्यंत एकदा वाचला.