भावना कुणाची, मूल्य कशाचे?

आंबेडकरी समाजावर एक आरोप नेहमीच केला जातो. 'हे लोक फार भावनिक आहेत. नाव, पुतळा, स्मारक यातच अडकतात आणि भाकरीचे प्रश्न बाजूला राहतात.' आरोप करणारे प्रस्थापित विचारवंत विवेकाचा मक्ता स्वतःकडे ठेवतात. मात्र त्यांच्या भावना दुखावल्या की तेच पुस्तकावर बंदी मागतात. तेव्हा भावना एकाएकी पवित्र होते! म्हणून मुळाशी जाऊन विचारले पाहिजे: एखादी गोष्ट आपल्याला मोलाची वाटते म्हणून ती मोलाची ठरते, की ती मोलाची असते म्हणून आपल्याला तसे वाटते?

अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम म्हणतो की, चांगले-वाईट वस्तूत नसते, पाहणाऱ्याच्या भावनेत असते. ब्राह्मणी व्यवस्थेचे म्हणणे नेमके उलटे. तिच्या मते पावित्र्य आणि विटाळ हे माणसाच्या देहाचे, जन्माचेच गुण आहेत.

या दोन्ही उत्तरांची परीक्षा महाडला झाली. चवदार तळ्यावर इतर धर्मांचे लोक पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि तळे 'बाटले'. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून ते 'शुद्ध' केले गेले. पाण्यात काय बदलले होते? काहीही नाही. विटाळ पाण्यात नव्हता, सवर्णांच्या मनात होता. इथपर्यंत ह्यूम बरोबर आहे.

पण इथेच थांबलो तर आपला घात होतो. सवर्णांची किळस ही एक भावना आणि आपला संताप ही दुसरी. दोन्ही मनातल्याच असतील तर निवाडा कसा करायचा? डोकी मोजून? तसे झाले असते तर तळे कधीच खुले झाले नसते. शिवाय शतकानुशतके कित्येकांना आपल्या गुलामीची चीडच येत नव्हती. जोहार घालणे हाच धर्म असे त्यांच्या मनावर बिंबवले गेले होते. चीड नव्हती म्हणून त्यांना माणूस म्हणून प्रतिष्ठाच नव्हती काय? होती. ती हिरावलेली होती, एवढेच. म्हणजे भावना मूल्य निर्माण करीत नाही. जे मूल्य आधीच आहे, ते पाहणारा डोळा ती उघडते. बाबासाहेबांनी जागी केलेली चीड हा तो डोळा होता.

डोळ्यालाही भ्रम होतो, म्हणून भावनेला कसोटी हवी. ती कसोटी समतेची. जी भावना प्रत्येक माणसाला लागू केली तरी टिकते, ती खरी. 'माझा अपमान होऊ नये' हे सर्वांसाठी मागता येते. 'त्याच्या स्पर्शाने मी बाटतो' हे कुणाला तरी खाली ढकलल्याशिवाय म्हणताच येत नाही. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने दिला, पण बंदीची रूढी अनादी काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, या आधारावर. खरे उत्तर संविधानाच्या कलम १७ ने दिले. अस्पृश्यता नष्ट करताना या कलमाने कुणाच्या भावनेची परवानगी घेतली नाही. याउलट धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हा गुन्हा ठरविणारे कलम २९५-अ हेही १९२७ सालचेच. आज ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून उभे आहे. किळस वाटणाऱ्याच्या भावनेला आणि अपमान सोसणाऱ्याच्या भावनेला एकाच तागडीत तोलणे हा न्याय नव्हे.

याच कसोटीवर नामांतराकडे पाहावे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे शहीद झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नावाने पोट भरते का, असे तेव्हा आम्हाला विचारले गेले. नाव जर इतके क्षुल्लक होते, तर त्यासाठी घरे का जाळली? विरोधकांनाही ठाऊक होते की, प्रश्न पाटीचा नव्हता. ज्ञानाच्या दारावर कुणाचे नाव असू शकते, याचा होता.

कसोटी मात्र आपल्याही भावनेला लावावी लागेल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीबद्दल बजावले होते की, विभूतिपूजा अखेर हुकूमशाहीकडे नेते. जयंतीला डोळे भरून यावेत, जरूर यावेत. परंतु त्या भावनेतून वस्तीतली अभ्यासिका उभी राहत नसेल आणि शेजारच्या भटक्या-विमुक्ताचा अपमान आपल्याला टोचत नसेल, तर तिचा डोळा मिटलेला आहे.

धम्मात प्रज्ञेसोबत करुणा आहे आणि करुणेच्याही पुढे मैत्री आहे. प्रज्ञेवाचून करुणा आंधळी ठरते आणि करुणेवाचून प्रज्ञा कोरडी राहते. म्हणून 'तुम्ही भावनिक आहात' असे कुणी म्हटले तर मान खाली घालू नका. होय, आम्ही भावनिक आहोत, असे सांगा. आणि विचारा, तुमची भावना समतेच्या कसोटीवर उतरते काय?