पैसा आपला, मग हिस्सा कोणाचा?

चिपच्या कारखान्यांवरून आपल्याकडे एकच भांडण चालतं: महाराष्ट्राला की गुजरातला? २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा केवढा धुरळा उडाला! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. ना आमचा, ना त्यांचा. पुढे २०२४ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, तळोज्याला, अदानी आणि इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला राज्य सरकारने मंजुरी दिली. २०२५ मध्ये त्यांची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या.

पण खरा प्रश्न कोणी विचारतच नाही. पैसा कोणाचा?

सानंदचा मायक्रॉनचा कारखाना घ्या. खर्च २२,५१६ कोटी. त्यातले ५० टक्के केंद्र देणार, २० टक्के गुजरात सरकार. कंपनीचे ३० टक्केच. थेट नोकऱ्या सांगितल्यात ५ हजारांपर्यंत. मांडा हिशोब: एका नोकरीमागे सरकारी पैसा ३ कोटींच्या वर! आणि केंद्राचा पैसा म्हणजे तुमचा-आमचाच. पाचाडच्या टपरीवर बिस्किटचा पुडा घेणाऱ्या म्हातारीचा जीएसटीसुद्धा त्यात आहे.

देशात चिप बनायलाच हव्यात, यात वाद नाही. कोरोनानंतर चिप मिळेनात म्हणून गाड्यांचे कारखाने अडले होते. एकाच कंपनीवर डाव न लावता टाटा, मायक्रॉन, सीजी पॉवर, केन्स अशा अनेकांना पैसा देणंही शहाणपणाचंच. यातलं कोण टिकणार, कोण बुडणार, आज कोणालाच माहीत नाही. पण चार ठिकाणी पैसे लावणारा माणूस एका हिशोबाने लावतो: दोन बुडाले तर उरलेल्या दोघांच्या नफ्यात ते भरून निघावेत. सरकार देतंय ते अनुदान. म्हणजे कंपनी बुडाली तर नुकसान आपलं आणि तरली तर नफा शेअरवाल्यांचा. हा कुठला व्यवहार?

"कंपन्या हिस्सा देणार नाहीत, पळून जातील," असं म्हणणारे भेटतील. अमेरिकेकडे बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने अनुदानाच्या पैशाच्या बदल्यात इंटेलचे सुमारे १० टक्के शेअर घेतले. भांडवलशाहीचं माहेरघर ते! त्यांना चालतं, मग आपल्यालाच कसली लाज?

घरकुलवाल्याला जोत्याचा फोटो दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. चिपवाल्यांनाही पैसा टप्प्याटप्प्यानेच मिळतो, पण त्यांच्या जोत्याचा फोटो जनतेला कोण दाखवतो?

म्हणून मागणी साधी आहे. जिथे निम्म्याहून जास्त पैसा सरकारचा, तिथे सरकारला शेअर हवेत आणि दर वर्षाचा हिशोब लोकांसमोर हवा. मत मागायला येणाऱ्याला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, "कारखाना कुठे नेला" एवढंच विचारून सोडू नका. "आमचा हिस्सा किती?" हे आधी विचारा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण आकड्यांनिशी लिहा.