सायकलवर बालाघाट : मुलींनाही जाऊ द्या

थंडी पडू लागली की वस्त्यावस्त्यांतून सायकल सहलीची बोलणी सुरू होतात. धाराशिव, तेर, ढोकी, कसबे तडवळे, येडशी आणि परत धाराशिव, असा दोन दिवसांचा फेरा तरुण मुलांना सहज जमण्यासारखा आहे. वडिलांची जुनी सायकल दुरुस्त होते, शेजारचा पंप उसना येतो. हे चांगलेच आहे. पण अशा यादीत मुलींची नावे क्वचितच दिसतात. आज आम्हांस त्याविषयीच बोलायचे आहे.

आधी वाटेविषयी. आपला जिल्हा बालाघाटच्या रांगेवर वसला आहे. येथले काही पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला जाते, तर काही सीना-बोरीतून भीमेला. त्यामुळे सपाट रस्ता थोडा आणि चढउतार फार. पावसाळ्यात काळी माती चाकाला आणि मडगार्डला चिकटून सायकल जागची हलत नाही, उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. म्हणून दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम.

तेर हे धाराशिवपासून सुमारे ३० किलोमीटर. गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. पण त्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, ते तगर नावाचे मोठे व्यापारी शहर होते. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे की तगरचे कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असे. येथल्या उत्खननात सातवाहन काळातील विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती बाहुली मुलांना जरूर दाखवावी. तिच्यासारखीच बाहुली इटलीतील पाँपेई शहराच्या अवशेषांत १९३८ साली मिळाली. पुढे कसबे तडवळे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब स्वतः आले होते. ही गावे मुलग्यांनीच पाहावीत, असे कोणी सांगितले?

आयांची काळजी आम्ही जाणतो. रात्री मुक्काम कोठे? वाटेत कोणी छेडले तर? पाळी आली तर? लोक काय म्हणतील? पहिल्या तीन प्रश्नांना व्यवस्था हे उत्तर आहे. दोन जाणत्या बाया बरोबर असाव्यात. मुक्काम शाळेत किंवा विहारात आधी सांगून ठरवावा, आणि तेथे संडास-पाण्याची सोय आहे का ते पाहून यावे. मुलींनी जोडीजोडीने चालवावे, कोणी एकटी मागे पडू नये. कापड किंवा पॅड पिशवीत असावेत. ज्या मुलीला मध्येच त्रास होईल तिने लाजू नये, तिला एसटीने परत आणता येते.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यातील बायांनी दिले. १९९१ च्या सुमारास तेथे साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब बाया सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. पुरुषांनी आधी वाईटसाईट टोमणे मारले. पण बाई स्वतः पाणी आणू लागली, माल बाजारात नेऊ लागली, एसटीची वाट पाहणे संपले, तसे टोमणेही कमी झाले.

आता तयारी. गिअरची महाग सायकल हवीच असे नाही. साधी सायकल चालते, फक्त ब्रेक, चेन आणि टायर नीट पाहून घ्यावेत. सीट इतकी वर असावी की पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ होईल. सीट खाली राहिली तर गुडघे दुखतात. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरला बांधावे. आपल्याकडे बाभळीच्या काट्याने हमखास पंक्चर होते, तेव्हा पंप, सोल्युशन, ठिगळे आणि पाने बरोबर हवेतच.

चालवताना सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढे ठेवावे आणि पंप असलेल्यास शेवटी. चढावर दम लागला तर उतरून सायकल ढकलावी, त्यात कमीपणा नाही. उतारावर दोन सायकलींत चांगले अंतर ठेवून दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबावेत. एकदम पुढचा ब्रेक दाबला तर माणूस तोंडावर पडतो. येडशी ते धाराशिव हा महामार्ग आहे, ट्रक फार. तेथे एकामागे एक, डाव्या कडेने जावे आणि अंधार पडण्याआधी घर गाठावे. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे आणि भरपूर पाणी असले की हॉटेलचा खर्च वाचतो.

सातवी-आठवीनंतर शाळा लांब पडते म्हणून किती मुली घरी बसतात, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. जी मुलगी एकदा तेरपर्यंत सायकल मारून आली, तिला सहा-सात किलोमीटरवरचे हायस्कूल लांब वाटणार नाही. मग शाळा सोडवताना "लांब आहे" हे कारण आपल्यालाही देता येणार नाही.

तेव्हा या रविवारी मंडळाची बैठक होईल तेव्हा आयांनीही जाऊन बसावे. आपल्या लेकीचे नाव आपणच सांगावे, आणि बरोबर जाणाऱ्या दोघींत एक आपण व्हावे. सायकल येत नसेल तर सहलीला अजून वेळ आहे, तोवर मुलीकडून शिकून घ्यावी.