जनसुरक्षा विधेयक आणि एकट्या आमदाराचा विरोध

महाराष्ट्र विधानसभेने १० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेव्हा सभागृहात विरोध नोंदविणारे एकच आमदार होते: डहाणूचे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले. तत्पूर्वी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या आणि विधेयकाचा रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता ठेवण्यात आला.

गडचिरोलीने नक्षलवादी हिंसाचार सोसला आहे. तो रोखणे शासनाचे कर्तव्यच होय. तथापि विधेयकातील ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेची व्याप्ती मोठी असून गुन्हे अजामीनपात्र आहेत. जामीन दुरापास्त झाला की खटल्याआधीच शिक्षा भोगावी लागते, हे आपण जाणतो. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये वेगळ्या, केंद्रीय कायद्यान्वये अटक झाली. खटला सुरू होण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

मराठवाड्यातील एखाद्या लहान संघटनेवर बंदी आल्यास छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचे दार तिला खुले असेल. परंतु निकाल लागेपर्यंत तिचे कार्यकर्ते कोठडीत असू शकतील. एका विरोधाने विधेयक अडत नसते. मात्र निरपराध्यास त्याची झळ लागू नये, ही दक्षता घेण्याचे काम त्या विरोधाने आपणा सर्वांवर सोपविले आहे.