संध्याकाळी सातचा तास

६ जुलै २०२० ला मध्य प्रदेश सरकारनं 'हमारा घर, हमारा विद्यालय' योजना सुरू केली. शाळा मार्चपासून बंद होत्या. आता पहिली ते आठवीच्या पोरांना घरच शाळा. सकाळी दहाला घरातल्या कुणीतरी घंटी नाहीतर थाळी वाजवायची, एकपर्यंत अभ्यास, संध्याकाळी खेळ, आणि सातला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून गोष्ट ऐकून ती वहीत लिहायची.

थाळी म्हटलं की हसू येणारच, मार्चमध्ये देशभर वाजवून झाली होती. पण त्या वेळापत्रकातला सातचा तास मला सगळ्यात शहाणा वाटतो.

आपल्या बुऱ्हाणपुरात तेव्हा घरं कशी होती ते आठवा. लूम बंद, बाप घरी, हातात पैसा नाही. खोली एक, माणसं सहा. फोन असला तर एकच, आणि तो मोठ्यांच्या हातात. देशाच्या ग्रामीण भागात सप्टेंबर २०२० मध्ये 'असर'नं फोनवरून पाहणी केली. शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुलं जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे फोन आला तरी शाळा आली नाही.

आणि जी आली ती हिंदीत आली. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ हिंदीत, आकाशवाणीचं रेडिओ स्कूल हिंदीत. यात हिंदीशी भांडण नाही, आपण सगळे बाजारात हिंदीच बोलतो. भागाकाराचा व्हिडिओ हिंदीत चालून जातो. पण "बाबा दवाखान्यातून परत येतील ना?" हे इच्छापूरकडचं पोरगं हिंदीत सरांना विचारत नाही. ते आजीला विचारतं, मराठीत. खकनारकडचं कोरकू पोरगं कोरकूत विचारतं (आपण मराठी मराठी करताना त्याला विसरतो, हेही खरंच).

पॉलिटिकल सायन्सवाल्याला कलमं वाचायची खोड असते, म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९(२). त्यातला 'एफ' खंड म्हणतो, शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेत द्या. लगेच खालचा 'जी' म्हणतो, मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं, त्याला मोकळं बोलता यावं. दोन्ही खंड शेजारी शेजारी आहेत, पण राबवताना पहिला 'भाषेचा प्रश्न' म्हणून एका फाइलीत जातो आणि दुसरा 'मानसिक आरोग्य' म्हणून दुसऱ्या. केंद्रानं जुलै २०२० मध्येच 'मनोदर्पण' हेल्पलाइन काढली, चांगलंच केलं. पण ज्या घरात फोनचा रिचार्ज संपलाय, तिथलं दहा वर्षांचं पोर मदतीसाठी अनोळखी माणसाला फोन लावेल, हे मला पटत नाही.

जेवणाचंही तसंच. शाळा बंद असली तरी मध्यान्ह भोजनाऐवजी धान्य आणि पैसे देणं २०१५ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची स्वतःहून दखल घेतली. पण कोरडं धान्य घरात आलं की ते सगळ्या घराचं होतं. शाळेत ताट एका पोराचं असतं, आणि शेजारी मैत्रीण बसलेली असते. ती रांग दोन वर्षांत कितीतरी वेळा मोडली. तिचा हिशेब कुठल्या पोत्यात भरणार?

म्हणून सातचा तास. त्याला ना डेटा लागतो, ना बजेट. आजी-आजोबांना त्यात काम मिळतं, पोराला जवळ बसायला माणूस मिळतं. अडचण एवढीच की गोष्ट मराठीत ऐकली आणि वही हिंदी माध्यमाची. चौथीतल्या पोरानं आजीचं बोलणं आधी भाषांतर करायचं आणि मग लिहायचं? बरीचशी गोष्ट तिथेच गळते.

पुढची साथ येईल, पूर येईल, शाळा पुन्हा बंद होईल. तेव्हासाठी आत्ताच दोन गोष्टी लेखी मागा: ही वही पोराला घरच्या भाषेत लिहू द्या, आणि आठवड्यातून एकदा ती भाषा येणारं शाळेचं माणूस घरी येऊन चौकशी करेल असं ठरवा. मागायची कुठे? सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. तुमच्या गल्लीतली कुणीतरी काकू त्यात असेलच, बहुतेक नुसती सहीपुरती. पुढच्या बैठकीला तिच्याबरोबर जा आणि हे रजिस्टरात लिहून घ्या.