मेसचे ताट आणि निविदेचा दर

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दवाखान्यासमोर दोन रिक्षा येऊन थांबल्या आणि त्यांतून विद्यापीठाच्या वसतिगृहातील सात मुले उतरली. दोघांना तर मित्रांनी दंडाला धरूनच आणले होते. सगळ्यांची तक्रार एकच, उलट्या. ताप कोणालाच नव्हता, जुलाबही फारसे नव्हते. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारले, "काल संध्याकाळपासून काय काय खाल्लेस?" रात्री तिघे बाहेर जेवले होते, एकाला शनिवारचा उपास होता, बाकीचे मेसमध्ये जेवले होते. सातही जणांनी खाल्लेला पदार्थ एकच निघाला, तो म्हणजे आवारातल्या मेसमधला सकाळचा फोडणीचा भात. आठ वाजता खाल्ला आणि दहाच्या आत पहिली उलटी झाली.

संध्याकाळपर्यंत मुले ठीक झाली. पाच जणांचे जलसंजीवनीवर भागले, दोघांना सलाईन लावावे लागले. दरम्यान रेक्टरांचा फोन आला. त्यांचे म्हणणे, पोरांनी गेटवरची पाणीपुरी खाल्ली असणार. मुलांच्या पुढाऱ्याचे म्हणणे, मेसवाला मुद्दाम सडके घालतो. मला दोन्ही पटले नाही. विद्यापीठाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण असा भात कोणत्याही आवारात शिजू शकतो.

वाचकहो, शिळा भात आपण सगळेच खातो. सकाळी फोडणी दिलेला भात हा आपल्या घराघरांतला आवडता पदार्थ आहे. मग घरी काही होत नाही आणि मेसमध्ये होते, ते का? तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू असतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. भात शिजला, गार होऊ लागला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष नंतर कितीही कडकडीत फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. म्हणून खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. घरी वाटीभर भात उरतो, तो तासाभरात गार होतो आणि बहुतेक घरी आता फ्रिजमध्ये जातो. मेसमध्ये वीस किलो तांदळाचा भात एका पातेल्यात असतो. वरून गार दिसला तरी पातेल्याच्या पोटात तो पहाटेपर्यंत कोमट राहतो, आणि जंतूंना नेमके तेच हवे असते. त्या भाताचा नमुना कोणी ठेवला नव्हता, त्यामुळे प्रयोगशाळेचा दाखला माझ्याजवळ नाही. पण वेळेचे गणित आणि लक्षणे पाहता माझा संशय त्या पातेल्यावरच आहे.

दुसऱ्या दिवशी रेक्टर भेटायला आले व म्हणाले, "डॉक्टर, एकदा येऊन तपासणी करून जा, म्हणजे आम्हाला अहवाल लावता येईल." मी म्हटले, तपासणी करून काय दिसणार? त्या दिवशी फरशी धुतलेली असेल. त्यापेक्षा मी सहा रात्री तिथे जेवतो. त्यांना हे जरा विचित्र वाटले, पण नाही म्हणता येईना.

पहिल्या रात्री माझ्या ताटात श्रीखंड आले. शेजारच्या मुलाच्या ताटात नव्हते. तिसऱ्या रात्रीपासून मेसवाल्यांना माझी सवय झाली आणि खरे ताट समोर येऊ लागले. चार पोळ्या, बटाट्याची रस्सा भाजी, वरण, मूदभर भात, लोणचे. सहा रात्रींपैकी पाच रात्री बटाटा होता. पालेभाजी एकदाच आली, कारण तीनशे माणसांची मेथी निवडायला बसणार कोण? पूर्वी ताटात लिंबाची फोड असायची असे जुनी मुले सांगतात. लिंबू महागले तेव्हा फोड गेली, लोणचे आले आणि लिंबू स्वस्त झाल्यावरही फोड परतली नाही.

वरण पातळ होते. मुले त्याला काय म्हणतात ते येथे छापण्याजोगे नाही. आणखी एक समज मला जवळजवळ प्रत्येक टेबलावर ऐकू आला की, भातात सोडा घालतात, म्हणजे पोट लवकर फुगते व मुले कमी जेवतात. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही मेडिकलच्या मेसमध्ये हेच बोलत होतो! सोड्याने भूक मरते याला मला तरी आधार दिसत नाही. सोडा वापरतात तो डाळ, चणे लवकर शिजावेत आणि गॅस वाचावा म्हणून. त्याने नुकसान होते ते वेगळेच : ब-१ जीवनसत्त्व सोड्याच्या पाण्यात टिकत नाही.

दुपारच्या वड्यांचे तेल मी पाहिले. कढईतले तेल काळसर, दाट आणि फेसाळ झाले होते, वडा टाकण्याआधीच धूर येत होता. तळून तळून तेलात जी घाण संयुगे साठतात त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. ते मोजण्याचे यंत्र मिळते, पण मेसच्या आचाऱ्याकडे ते कुठले असणार? त्याच्यासाठी डोळे आणि नाक हेच यंत्र. तेलाचा रंग, धूर, फेस आणि बोटांना लागणारा चिकटपणा यांवरून त्याला सगळे कळते. कळत नाही असे नाही. तेल ओतून देण्याची त्याला मुभा नसते.

ही मुभा का नसते, ते मला पाचव्या रात्री समजले. मेस चालवणारे नवरा-बायको आहेत. मुले त्यांना काका आणि मावशी म्हणतात. हिशोब मावशींकडे. जेवणे आटोपल्यावर त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही काय लिहून देणार ते मला माहीत आहे. पण ही वही बघा. ताटाचा दर तीन वर्षांपूर्वीचा आहे, डाळ आजच्या भावाची आणावी लागते." निविदेत सर्वांत कमी दर त्यांनी भरला म्हणून कंत्राट मिळाले. कमी भरला नसता तर दुसऱ्या कोणी भरला असता. पन्नास रुपयांत पूर्ण ताट, त्यातून जागेचे भाडे, वीज, आचारी, पोळ्या लाटणाऱ्या बायका आणि व्यापारी दराचा गॅस.

मी घरी येऊन डाळीचा हिशोब मांडला. एका जेवणाला माणशी तीस ग्रॅम तूरडाळ हवी असे धरू. मावशींच्या वहीत ती पंधरा ग्रॅमच पडत होती. दोन्ही वेळची मिळून सहाशे ताटे, म्हणजे रोज नऊ किलो डाळ वाचते. किलोला दीडशे रुपये धरले तर रोजचे साडेतेराशे आणि महिन्याचे चाळीस हजार. आणि त्यांना विद्यापीठाकडे दरमहा भरावे लागणारे भाडे जवळपास तेवढेच आहे!

माझे मत येथे स्पष्ट सांगतो. विद्यापीठ जे भाडे घेते ते मेसवाल्याच्या खिशातून येत नाही, ते मुलांच्या वरणातून येते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. पन्नास किलो वजनाच्या मुलीला दिवसाला चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. तिच्या दोन्ही वेळच्या वरणातून सहा-साडेसहा ग्रॅम काढून घ्यायचे आणि तो पैसा 'जमा' म्हणून अंदाजपत्रकात दाखवायचा, याला मी काटकसर म्हणायला तयार नाही. मेससाठी जागा फुकट द्यावी आणि त्याबदल्यात ताटातल्या डाळीचे वजन करारात लिहून घ्यावे. दर वर्षी जूनमध्ये बाजारभाव पाहून ताटाचा दर ठरवावा. आणि सर्वांत कमी दराला कंत्राट देण्याची पद्धत रस्त्याच्या खडीला ठीक असेल, जेवणाला नको.

मेसच्या दारावर एक फलक आहे. 'एका ताटात दोघांनी जेवू नये.' मावशींची बाजू अशी की, वरण पुन्हा मागता येते, त्यामुळे दोघे बसले की त्यांना तोटा. ऐकल्यावर मला ते रास्त वाटले होते. पण दोन महिन्यांनी त्याच वसतिगृहातली एक मुलगी चक्कर येऊन पडली म्हणून माझ्याकडे आली. हिमोग्लोबिन सव्वासात. तिच्या वयात ते बारा तरी असावे. पाळीचा त्रास विशेष नव्हता. खाण्याचे विचारले तर गप्प. शेवटी तिची मैत्रीण बोलली, "आम्ही दोघींत एकच कूपन घेतो, सर. फलक लावल्यापासून ती रात्री येतच नाही." वडिलांची कोरडवाहू जमीन, पावसाने दडी मारलेली, घरून पैसे येईपर्यंत महिना असाच काढायचा. रात्री बिस्किटाचा पुडा आणि चहा.

आपल्या देशात १५ ते ४९ या वयातील शंभरांपैकी सत्तावन्न स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. तेव्हा ही मुलगी काही जगावेगळी नाही. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, जंतांचे औषध दिले, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नकोस असे बजावले. चहामुळे अन्नातले लोह शोषले जात नाही, लिंबामुळे अधिक शोषले जाते. ती हसून म्हणाली, "लिंबू कुठे असते, सर?"

शाळेतल्या मध्यान्ह भोजनाचा एक नियम मला येथे आठवतो. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखायचे. बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका गावात जुलै २०१३ मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या अन्नाने २३ मुले दगावली, तेव्हा या नियमाची सगळीकडे नव्याने आठवण करून देण्यात आली. पहिलीच्या पोराच्या खिचडीची चव गुरुजी घेतात. पदवीच्या मुलाच्या भाताची चव कोण घेतो? त्या विद्यापीठात मेस समिती आहे. तिच्या बैठका होतात, बैठकीला चहा-बिस्किटे येतात. पण समितीतले कोणी गेल्या वर्षात त्या मेसमध्ये जेवले होते का, असे मी विचारले तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

आपल्याकडे याहून वेगळे घडलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. तिथल्या स्वयंपाकघराशी चालवणाऱ्यांचा आणि जेवणाऱ्यांचा संबंध एकाच घरातल्या माणसांसारखा होता. आज कुलगुरूंच्या पत्नीने दागिने मोडावेत असे कोणी म्हणत नाही. समितीतल्या प्राध्यापकांनी पाळीपाळीने, न सांगता, कूपन काढून रांगेत उभे राहून जेवावे, एवढेच म्हणणे आहे. श्रीखंड आले तर परत करावे.

माझ्या अहवालातल्या काही गोष्टी झाल्या. भात आता दोन घाण्यांत शिजतो, उरलेला परातींत पसरून तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये जातो. नाहीतर रात्रीच टाकतात. प्रत्येक जेवणाचा वाटीभर नमुना एक दिवस फ्रिजमध्ये राखून ठेवतात. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर लागला आहे. भाड्याचा विषय 'वरिष्ठांकडे' गेला आहे. फलक अजून तिथेच आहे.

जूनमध्ये ज्यांची मुले-मुली शिकायला बाहेर गेली असतील त्या पालकांना एक विनंती. फोनवर "जेवलास का?" असे विचारू नका, मुले 'हो' म्हणतात. "काल रात्री काय जेवलास?" असे विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजा. एस.टी.ने डबा पाठवणे जमत असेल तर उत्तमच, नसेल तर महिन्याच्या फेरीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मेतकूट, शेंगाचटणी आणि डझनभर लिंबे बरोबर द्या. चकल्या-शेव देऊ नका, तळलेले त्यांना गेटवर मिळतेच. आणि पैसे पाठवायला दहा दिवस उशीर होणार असेल तर ते मुलीला आधी सांगा, म्हणजे ती मेसवाल्या मावशींना सांगू शकेल. माझा अनुभव असा की, मावशी उधारीच्या वहीत नाव लिहून घेतात.